गुडघ्यापर्यंतचा पोशाख

ओल्या मांजरपाटाला एक वास असतो. खळीचा, किंचित आंबूस, शिळ्या पेजेसारखा, आणि त्याच्या तळाशी सरकीची पुसट, तेलकट आठवण. कोरं कापड पहिल्यांदा पाण्यात भिजतं तेव्हा तो सुटतो आणि नाकातून थेट पोटात उतरतो. कापडदुकानात ठाण उलगडलं जाताना तो वास नुसता कल्पनेनं आला, तरी अजून माझे पाय जमीन चाचपू लागतात.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. आम्ही जळगावला राहत होतो. माझ्या वडिलांना, नानांना, कचेरीत नोकरी होती. पण पोहायला मी शिकले ती धरणगावजवळच्या एका खेड्यात, फुईच्या मळ्यातल्या विहिरीत. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण; ते तिला अक्का म्हणत. नऊवारी लुगडं, कंबरेला पानसुपारीची चंची, आणि असा आवाज की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या मळ्यातले बैल कान टवकारत. विहिरीत मी परकर-पोलक्यानिशी पोहत असे. परकर पाण्यावर फुगून माझ्याभोवती तरंगायचा, मग हळूहळू पाणी पिऊन जड व्हायचा, आणि मी पायऱ्यांकडे वळायचे. कापडाचं आणि पाण्याचं हे वैर मला फार लवकर कळलं होतं.

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी धुळ्याच्या स्पर्धेसाठी माझी निवड केली आणि पोशाखाचे नियम तोंडी समजावले. पोशाख एकसंध हवा, अंगासरशी हवा, आणि ओला झाल्यावर आरपार दिसता कामा नये. शर्यतीआधी तपासणी होते. त्यात नापास झालेल्या मुलीला पाण्यात उतरू देत नाहीत.

तिन्ही अटी मी घरी येऊन जशाच्या तशा सांगितल्या. नानांना फक्त दुसरी ऐकू आली, आईला फक्त तिसरी.

"अंगासरशी म्हणजे?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता. तो शांत असला की आई हातातलं भांडं खाली ठेवत असे.

"म्हणजे... घट्ट, नाना."

काही दिवसांपूर्वीच दूरदर्शनवर कुठल्याशा परदेशी स्पर्धेतल्या पोहणाऱ्या बायका दिसल्या होत्या आणि नानांनी उठून संच बंद केला होता. आता ते बराच वेळ माझ्या गुडघ्यांकडे पाहत राहिले, जणू ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होते. मग म्हणाले, "गुडघा झाकलेला हवा. अक्का सोबत येईल. परत आल्यावर तिनं मला सांगायचं, पोशाखात वावगं काही नव्हतं. तर पुढंही पोहशील. नाहीतर मोठी झालीस आता. पोहणं बंद."

आईनं काळं पॉपलिन आणलं, त्याचा खांद्यापासून जांघेपर्यंतचा एकसंध पोशाख बेतला. पाण्यात ते दगा देईल या धास्तीनं आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं, तेही दुहेरी. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत चुण्यांचा घागरा जोडला, त्यालाही अस्तर. मशीनवर टीप मारताना ती एकच वाक्य पुटपुटत होती, "काही दिसायला नको, बाई, काही दिसायला नको." पोशाख तयार झाला तेव्हा तो खुंटीवर एखाद्या माणसासारखा लटकत होता. त्याला स्वतःचं वजन होतं.

घालून पाहायला मी फुईच्या विहिरीवर गेले. उडी मारली. पहिले काही हात नेहमीसारखे पडले. मग अस्तराच्या दोन थरांमध्ये पाणी शिरलं. ते बाहेर येईना. घागरा परकरासारखा फुगला नाही. तो पायांभोवती मिटला, मुठीसारखा. तोंडाशी ती आंबूस खळ आली. वर आकाशाचा गोल तुकडा होता, त्यात फुईचं डोकं, आणि ती दोन्ही लहान होत चालली होती. हाक मारायला तोंड उघडलं तर आत पाणीच आलं. कपारीतून बाहेर आलेलं एक मूळ हाती लागलं म्हणून मी आज हे लिहिते आहे.

"काय व्हयनं वं?" फुईनं वरून विचारलं.

"काही नाही."

काही नाही, असंच म्हणायचं होतं. खरं सांगितलं असतं तर ते नानांपर्यंत पोचलं असतं आणि सगळं तिथंच संपलं असतं. तेव्हापासून माझ्या आत दोन भीती राहू लागल्या. एक पाण्याची, जी मला त्याआधी कधी नव्हती. दुसरी, पाण्यापासून तुटण्याची. रात्री अंथरुणात त्या एकमेकींशी भांडत, आणि मी दोघींच्या मध्ये पडून राही.

धुळ्याला फुई आणि मी सकाळच्या एसटीनं पोचलो. तरणतलावाच्या आवारात ब्लीचिंग पावडरचा वास डोळ्यांना झोंबत होता. मुलींच्या तपासणीची खोली अरुंद होती, फरशी ओली, आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. टेबलाशी एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पाण्यानं भरलेला तांब्या. एकेक मुलगी पुढे होई. बाई पोशाखाच्या कडेखाली दोन बोटं सरकवत, वरून पाण्याची धार सोडत, आणि कापडातून बोटं दिसतात का ते पाहत. रांगेतल्या बहुतेक मुलींचे पोशाख विकतचे होते, निळे, मासोळीच्या पाठीसारखे चकचकीत. त्यांच्यात मी घागऱ्यात उभी.

मागून एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ही बघ, घागरा नेसून भुलाबाईची गाणी म्हणायला आली वाटतं!"

"टिपऱ्या विसरली बिचारी," दुसरी म्हणाली. खोलीभर खसखस पिकली. मी फरशीवरच्या पाण्यात माझीच पावलं पाहत राहिले.

माझी पाळी आली. पाण्याची गार धार पोटावर पडली. बाईंनी बोटं हलवून पाहिली. "आरपारचा प्रश्नच नाही. गोधडी आहे ही." मग त्यांनी घागऱ्याची कड चिमटीत धरली. "हे मात्र चालणार नाही. सैल कापड नियमात बसत नाही. घागरा काढावा लागेल."

फुई दाराशी उभी होती. ती आत आली. "काढा म्हंजे? काढीसन खाले काय ऱ्हाई?"

"पोशाख राहील ना, मावशी."

"त्याले पोशाख म्हनतस?" फुईनं रांगेकडे हात केला. "आनी मी मना भाऊले काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा." बाईंचा आवाज कठोर नव्हता, तो फक्त घाईत होता. "पुढची शर्यत हिचीच आहे. घागरा काढून उतरेल किंवा उतरणार नाही. लवकर ठरवा."

मी फुईकडे पाहिलं नाही. बाहेर शिटी झाली, पाण्यात अंगं पडल्याचा आवाज झाला, लोक ओरडले. मला वाटलं, फुई आता माझा दंड धरील. एसटीत खिडकीशी बसवील. संध्याकाळी ओसरीवर नानांसमोर उभी राहून जे आहे ते सांगेल, कारण तिला खोटं बोलता येत नसे. आणि उद्यापासून मी काठावरची होईन, कायमची.

"फुई, विहिरीत मी बुडत होते," मी एकदम म्हणाले. आवाज माझा नव्हताच जणू. "ह्या घागऱ्यानं. मी सांगितलं नाही."

तिनं चंचीत हात घातला, अडकित्ता काढला आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. आईची टीप पक्की होती. अडकित्त्यानं शिवण तुटेना तेव्हा फुईनं ती दातात धरली. माझ्या कमरेभोवती तिचा गरम श्वास फिरत गेला, सुपारीच्या वासाचा, आणि चुण्या एकामागून एक सुटत गेल्या. घागरा माझ्या पायांत पडला, तेव्हा गार हवा माझ्या मांड्यांना लागली. इतक्या लोकांत कधीच न लागलेली. मला रडू आलं.

"रडू नको. चाल."

आमच्याकडे नदीवर बायका आंघोळीला उतरल्या की एक जण पदर ताणून आडोसा धरते; धरणारी तोंड फिरवून उभी राहते. फुईनं तेच केलं. पदर डोक्यावरून काढून दोन्ही हातांत ताणला, आणि तरणतलावाच्या काठानं माझ्या बाजूनं चालू लागली, मान गॅलरीकडे, डोळे लोकांवर रोखलेले. उघड्या डोक्यानं चारचौघांत चालताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. गॅलरीत हसणं उसळलं. कुणी शिटी वाजवली.

"ओ आजी, मागं व्हा!" पंच ओरडले.

"आजी कोनले म्हनस रे? तुनापेक्षा जवान शे मी!"

हसणं वाढलं. पण पदर माझ्या खांद्याशी होता, आणि मला दिसत होतं: त्याची कड थरथरत होती. वारा नव्हता.

उडीच्या ओट्याशी आम्ही थांबलो. बाकीच्या मुली वर चढल्या होत्या. खाली पाणी निळं, निर्विकार, तळापर्यंत दिसणारं. विहिरीसारखं नव्हे, काही न लपवणारं. अस्तर अजून माझ्या पोटाशी होतं, दुहेरी, जड, आणि त्याचा तो आंबूस वास वर येत होता.

"पडदा काढा, बाई," पंच म्हणाले, आता न ओरडता. "नाहीतर हिची जागा रिकामी ठेवून सुरू करतो."

फुई हलली नाही. तिनं गॅलरीकडे पाहिलं, मग जळगावच्या दिशेला, निदान मला तसं वाटलं. "तुना बापले मी सांगसू," ती हळूच म्हणाली, आणि माझ्या छातीत पाणी भरलं. "सांगसू, पोशाख नियमपरमानेच व्हता."

तिनं पदर खाली घेतला. गॅलरीतले सारे डोळे एकाच वेळी माझ्यावर पडले. मी ओट्यावर चढले. पायाची बोटं ओल्या कडेला रोवली. मी शेवटचं मागं वळून पाहिलं. फुईनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला होता.

"जाय."