एका स्टारची तीट

ये, अशी जवळ बस. मनातल्या मनात का होईना, बस. किती फोन केले तुला, एक उचलत नाहीस. आजीचा फोन उचलायला वेळ मिळू नये इतकी मोठी झालीस होय गं? एका स्टारपायी एवढा रुसवा? आता लिहूनच काढते सगळं. लिहिलेलं मधेच कट करता येत नाही.

त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांची कॉन्फरन्स होती, आणि तू पहिल्यांदाच स्टेजवर बोलणार होतीस. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून घरची माणसं आणा, असं त्यांनीच सांगितलेलं. म्हणून मी आणि करकंबची तुझी धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, इरकल नेसून दुसऱ्या रांगेत. भोवती सगळी विद्वान मंडळी. इतकी विद्वान, की कोण बोलतंय हे बघायलासुद्धा कुणी लॅपटॉपमधून मान वर काढली नाही.

तुझ्या आधी एक साहेब बोलले. काय बोलले ते त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. पण जेवणाच्या आधी संपवलं, एवढ्या पुण्याईवर लोकांनी त्यांना पाचच्या पाच स्टार दिले. मग तू. वेबसाइटवर उगाच जड फोटो कोंबले की माझ्यासारखीचा जुना फोन कसा गपगार पडतो, ते सांगितलंस. मला कळलं, म्हणजे बघ.

नंतर पडद्यावर तो ठिपक्यांचा चौकोन आला. फोन धरा, स्टार द्या, अभिप्राय लिहा. धाकटी आजी व्हॉट्सॲपवर तयार झालेली, तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळी घरी तू ते अभिप्राय वाचून दाखवलेस. काय एकेक रत्नं. एकाला तू फार भरभर बोललीस, दुसऱ्याला फार सावकाश. 'एसी लई गार होता', हे तुझ्या भाषणाखाली, जशी काय तूच बटण दाबत फिरत होतीस. शेंगाचटणी दोनदा मागावी लागली, तेही तुझ्याच खात्यात. 'आणखी खोलात जायला हवं होतं', असंही एकाने लिहिलेलं. बहुतेक तो बाहेर चहाच्या टेबलापाशी खोलात गेला असावा. या सगळ्यावर तू माझ्याबरोबर हसलीस. मग आलं ते: एक स्टार, 'बरं बोलली.' तिथं तुझं हसू गेलं. पुण्याच्या कॉन्फरन्सचं बोलावणं आलेलं, त्यावर म्हणालीस, मी आता स्टेजवर चढणार नाही. आणि सकाळच्या गाडीने हैदराबादला, नोकरीवर.

आमच्या वेळी असे फॉर्म नव्हते बाई. सासूबाई पहिला घास घेऊन मिठाची वाटी पुढं ओढायच्या, झाला अभिप्राय. म्हणून दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची थांबले नाही मी.

परवा करकंबहून फोन आला. मी जावेला तुझं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "कुठल्या करंट्याने तो एक स्टार दिला कोण जाणे."

तिकडून ती म्हणाली, "अवो अक्का, त्यो मीच दिला की."

"तू?"

"व्हय. समदी पाच-पाच देत व्हती. एवढी माणसं लेकराकडं बघत्यात, तितं काजळ कुटनं आणू? म्हनलं, एकच दिऊ, तेवढीच तीट. आन् लई चांगलं लिवलं तर माझीच नजर लागायची."

"अगं, तीट एवढीशी लावतात. सगळं तोंड काळं करत नाहीत."

"मग पाचातला एक एवढासाच की."

"आणि त्या साहेबांना किती दिलेस?"

"पाच. त्येंला कोन नजर लावतंय."

मी हसले, पण ती नाही हसली. "पोरगी माझ्यापायी बोलायची थांबली व्हय?" एवढंच विचारलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारते, पोरीने पुण्याला काय कळवलं. मी काय सांगू?

रविवारी ती इथं येणार आहे. तूही ये. तिला काय बोलायचं ते तोंडावर बोल, आणि पुण्याचा होकार तिच्यासमोर बसून पाठव. पुण्याला निघताना खऱ्या काजळाची तीट मी लावीन, आणि त्या दिवशी तिचा फोन माझ्या पिशवीत राहील. ये गं लवकर, वाट बघतोय आम्ही दोघी.