लेम्पीचा कोरडा ट्रेलर

आमच्या गावात अंगणात ट्रेलर उभा ठेवायला बंदी आहे. दिसायला घाण दिसतं म्हणे. या नियमाविरुद्ध मी सभेमागून सभेत बोलले. लोकांनी माना डोलावल्या, कॉफी प्यायली आणि घरी गेले. म्हणून लेम्पी हार्जूला आपलं चाकांवरचं घर हिवाळाभर व्हर्लिनच्या आवारात भाड्यानं ठेवावं लागतं, तो गावातले सगळे ट्रेलर सांभाळतो.

लेम्पीनं उभी हयात शाळेची बस चालवली. आता उन्हाळा आला की तळ्याकाठी ट्रेलरमध्ये राहायचं, एवढीच तिची हौस. यंदा तिला धाकट्या बहिणीला, आउनेला, सोबत न्यायचं होतं. आउनेला दमा आहे. गेल्या वर्षी बुरशीच्या वासानं ती पहिल्याच दिवशी धापा टाकत परत गेली होती.

म्हणून या शरद ऋतूत लेम्पी हट्टाला पेटली. टाक्या, नळ रिकामे केले. कपाटं उघडी टाकली, गादी भिंतीला उभी केली. ओल शोषणाऱ्या मिठाच्या बादल्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. वर आडोसा असलेली छताची झडप दोन बोटं उघडी ठेवली, आतली वाफ जायला वाट हवी म्हणून.

फेब्रुवारीत आम्ही बघायला गेलो. बर्फ बाजूला करून दार उघडलं, तर काचा आतून गोठलेल्या. बादल्या पाण्यानं काठोकाठ. गादीवर काळे ठिपके. झडप बंद, आणि हवा खेळायच्या एकूण एक भोकात भांडी घासायची तार कोंबलेली. वरून ताडपत्री करकचून आवळलेली.

"मीच केलं," व्हर्लिन म्हणाला. "उंदरांसाठी. सगळ्यांच्याच ट्रेलरना केलं. लेम्पी, तुला फुकटात."

"तुला सांगितलं कुणी?" मी म्हणाले.

"उंदीर शिरले की शिव्या कोण खातं? मीच ना? तू तर मोर्चा काढशील."

"काढेनच. तार कोंबण्यापेक्षा जाळी बसवायचीस ना. गुदमरवून मारलंस घर."

"बाई, घर श्वास घेत नाही."

"आउने घेते," लेम्पी म्हणाली.

व्हर्लिन आपल्या शेडकडे गेला. मग माणुसकीनं गॅसची शेगडी घेऊन आला, आत पेटवू म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत लेम्पीनं ती परत त्याच्या हातात दिली. "गॅस जळला की पाणीच सुटतं, व्हर्लिन. आणखी ओल नको."

हवा कडक कोरडी होती. तिनं तार उपसली, ताडपत्री फाडली, दारं-खिडक्या सताड उघडल्या. गादी आम्ही दोघींनी बर्फावरून ओढत कचऱ्यात नेली.  मी दोघींच्या वाटचं बोलत होते. पुढचे कितीतरी रविवार ती येऊन व्हिनेगरनं भिंती पुसत राहिली. व्हर्लिननं आवारात पाटी लावली, 'झडपा बंद ठेवाव्यात'. मी ती दोनदा उपटली, त्यानं दोनदा लावली.

मे महिन्यात आउने तळ्याकाठी ट्रेलरवर आली. उंबऱ्यावर उभी राहून तिनं नाक आत घातलं, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. लेम्पी हात पुसायचा पंचा पिळत होती, तो कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर आउने खिडकीशी, अंगावर तीन घोंगड्या.

"हिनं रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या," ती कुरकुरली. "थंडीनं मेले मी."

"खोकलीस का?" लेम्पीनं विचारलं.

"नाही."

लेम्पीनं खिडकी बंद केली नाहीच. तिसरी घोंगडी तेवढी आउनेच्या पायावर नीट सारली.