लोखंडाची सवत

लग्न होऊन मुळशीला आले तेव्हा आमचे हे जंगल खात्यात फॉरेस्टर होते. धरणाच्या वरच्या अंगाला सरकारी खोली, मागं ऐन-हिरड्याचं रान. सासू नाही, नणंद नाही. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई! कसली सुटते? घरात आधीच सवत नांदत होती. सरकारी हातोडा.

तोडायचं झाड ठरलं की बुंध्यावर, अगदी मुळाशी, त्या हातोड्याचा शिक्का मारायचा. झाड गेलं तरी शिक्का खुंटावर राहतो. बिनशिक्क्याचा खुंट दिसला की ती चोरी. म्हणजे हातोडा घटकाभर भलत्याच्या हाती गेला, तर चोरीचं अख्खं रान कायदेशीर! पण मला दिसायचं एवढंच, की तो जेवताना मांडीशी, झोपताना उशाशी. त्याला तेल लावून पुसायचे. माझ्या केसांना तेल आहे का, कधी विचारलं नाही मेलं! धाकट्या बहिणीच्या लग्नालासुद्धा आले नाहीत. "हातोडा कुनाच्या भरवशावर टाकू?" म्हणाले. मांडवात जी ती विचारायची, "जावई कुटं हायेत?" जळून कोळसा झाले मी.

मग एका उन्हाळ्यात त्यांना तापानं गाठलं. शुद्ध जायच्या आधी हातोडा माझ्या हातात कोंबला. "तू सांभाळ. दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाई." मी तो पदराखाली कमरेला बांधला. केवढा जड!

वास काढत लाकडाचा ठेकेदार आलाच. "वैनी, ट्रक उभा हाय. सायबांना पुण्याच्या मोठ्या डाक्टरकडं नेतो. तेवढा हातोडा द्या, सांजच्याला परत आनतो."

आत हे बरळत होते. इतका राग मला त्या लोखंडाचा कधी आला नव्हता. एक माझा नवरा, एक ती सवत. वाटलं, द्यावी काढून आणि व्हावं मोकळं!

"ट्रक घेऊन जावा तुमचा," मी म्हणाले. शेजारच्या वाडीतली बैलगाडी जुंपायला लावली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पौडच्या दवाखान्यापर्यंत हादरे खात, रडत, हातोड्याला शिव्या घालत गेले.

ताप उतरला, डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. आणि पहिला शब्द काय? "हातोडा?" वर हात पसरलेला!

अंगाची नुसती लाही झाली. त्या पसरलेल्या हातात मी माझा हात ठेवला.

"आदी ह्यो धरा," म्हटलं. "त्यो हाय कमरेला."

त्यांनी धरला. हातोडा मी सांजच्याला दिला.