चढायचा डावा, उतरायचा उजवा

माझ्या पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनी मी त्रिसरण-पंचशील उजव्या पायात स्कीचा बूट घालून म्हटलं.

रत्नाला एकदा बर्फात चालायचं होतं. ते राहून गेलं. म्हणून आमची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊ. आईसाठी." मी लगेच हो म्हटलं. (मे महिन्यात सोलापूरकर बर्फाला नाही म्हणत नाही.) पण बेत साधा नव्हता. काही दिवस रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. एक दिवस मात्र स्की बांधूनच डोंगर चढायचा. घसरायला बूट जड आणि ताठ लागतो, घोटा हलता कामा नये. चढायला हलका लागतो, घोटा हललाच पाहिजे.

"म्हणजे दोन जोड?"

"दोन्ही कामं करणारे असतात, पण कुठला चढायला बरा, कुठला उतरायला. दोन मागवते. घालून बघा, एक ठेवा, एक परत पाठवू."

एका जोडात सगळी कामं हा तर माझा हातखंडा! कॉलेज, बाजार आणि लोकांची लग्नं मी एकाच चपलेत उरकली, आणि रत्नाची बोलणीही त्याच चपलेत खाल्ली. शिवाय मी निवृत्त ग्रंथपाल. बुटांबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं.

पार्सलं आली ती नेमकी स्मृतिदिनाच्या सकाळी. दोन्ही जोड काळे, एकाच मापाचे.

"पप्पा, आज नको," प्रज्ञा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आईच्या दिवशी गोंधळ नको."

"गोंधळ कसला? सगळं वाचलंय मी!"

तुलना एकाच वेळी करावी म्हणून डाव्या पायात हलका घातला, उजव्यात जड. गच्चीचा जिना चढलो. डावा पाय पाखरासारखा पुढे, उजवा रुसलेल्या जावयासारखा मागे! मागची कळ दाबून घोटे जखडले आणि उतरून पाहिलं. आता उजवा रुबाबात, डावा डळमळीत. पुन्हा वर गेलो आणि उन्हात उभा राहून नीट विचार केला. तेवढ्या वेळात पाय सुजले.

डावा बूट निघाला. उजवा निघेना!

खाली आलो तर मंद्रूपहून रत्नाची थोरली बहीण, अक्का, येऊन बसलेली.

"दाजी, पाय मोडला व्हय?"

"नाही अक्का, बूट आहे."

"एकच?"

"दुसऱ्या पायात दुसरा होता."

अक्कांनी प्रज्ञाकडं पाहिलं. "पोरी, तुजे पप्पा जेवतात ना वेळेवर?"

मग दोघींनी बूट ओढला. बुटाबरोबर मीही आलो, बूट काही आला नाही. तेवढ्यात दारात वंदना घ्यायला आलेले बौद्धाचार्य.

"सर, पादत्राणं बाहेर काढा."

"तेच चाललंय हो सकाळपासून!"

शेवटी तसाच बसलो. मांडी घालता येईना, पाय सरळ रत्नाच्या फोटोकडे गेला. "तिकडे पाय नको," बौद्धाचार्य हळूच म्हणाले. वळवला. "माज्याकडं बी नको!" अक्का म्हणाल्या. अखेर पाय दाराकडे करून, तिरका बसून मी वंदना म्हटली. प्रज्ञाची मान खाली होती आणि खांदे हलत होते. आईच्या दिवशी मी पोरीला रडवलं, असं वाटलं. मग तिने तोंडावरची ओढणी काढली. हसत होती!

वंदना संपताच अक्का सरबतासाठी आणलेल्या बर्फाचं पातेलं घेऊन आल्या. "बर्फातला बूट हाय ना? मग घाला की बर्फ!" आणि सगळा बर्फ बुटात. पाय आधी बधिर झाला, मग आकसला. अक्कांनी हिसका दिला आणि बुटासकट सतरंजीवर आडव्या झाल्या. पहिल्यांदा हसले बौद्धाचार्य, मग अक्का, मग मी. वर्षभरात या घरात कुणी असं हसलं नव्हतं. फोटोतली रत्ना तर आधीपासूनच हसत होती.

ओला बूट परत पाठवता येईना. म्हणून संध्याकाळी, पूर्ण विचारांती, मी पायात घातलेले दोन बूट ठेवून घेतले आणि कोरे दोन परत पाठवले.

आठवड्याने, पुण्याला परतलेल्या प्रज्ञाचा फोन. "पप्पा, दुकानात एक हलका आणि एक जड पोचलाय! आता तुमच्याकडं काय उरलंय?"

मी जाऊन पाहिलं. चढायला डावा, उतरायला उजवा. दोन्ही कामं करणारा एकच जोड!

"काळजी करू नकोस," मी म्हटलं, "चढताना उजवा पाय उचलून धरीन."