ओताकारची सहा फुलं

माझा धाकटा भाऊ ओताकार. प्रागमध्ये एकतीस वर्षं ट्राम चालवली, पण एक थांबा कधी चुकवला नाही. बोलायची वेळ मात्र हटकून चुकवायचा. बायको गेल्यावर नऊ वर्षं एकटा राहिला, त्यातली चार वर्षं व्लास्ताला लग्नाचं विचारावं की नाही यातच घालवली. व्लास्ता आमच्या गायनवृंदातली, तिचाही नवरा, यारोमीर, वारलेला. शेवटी मीच म्हटलं, "ती मुलीकडे ब्रनोला राहायला चाललीय. आता विचार, नाहीतर स्टेशनवर हात हलवायला जा."

टाउन हॉलवरचं जुनं घड्याळ व्लास्ताने वाजताना कधी पाहिलं नव्हतं. त्यात नवल काय? ते बघायला पर्यटक आहेत, आम्हाला कामं असतात. जाण्याआधी एकदा बघते, म्हणाली. ओताकारने सात ट्युलिप घेतले आणि मलाही सोबत ओढलं.

बाराला ही गर्दी! घड्याळावरच्या सांगाड्याच्या बाहुल्याने दोरी ओढली, वरच्या खिडक्या उघडल्या, येशूच्या शिष्यांचे पुतळे एकामागून एक डोकावून गेले. तेवढ्यात पुढच्या माणसाने फोटोसाठी कोपर उचललं आणि एक ट्युलिप मोडून पायदळी गेला. ओताकारला पत्ताच नाही. शेवटी घड्याळातला कोंबडा आरवल्यावर त्याने गुच्छ पुढे केला.

"व्लास्ताबाई, ब्रनोला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

व्लास्ता फुलं मोजत होती. आमच्याकडे प्रत्येक बाई मोजते. जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची, सम फक्त थडग्यावर.

"सहा?"

ओताकार पांढराफटक. "सात होती हो! ताईला विचारा!"

"सातच होती," मी म्हटलं. "गाढव आहे, पण मोजता येतं त्याला."

पाच करायला तो एक फूल उपसू लागला. व्लास्ताने त्याचा हात धरला. "राहू द्या. सहाच बरोबर आहेत. आधी यारोमीरला सांगायला हवं ना?"

ओल्शानीच्या दफनभूमीपर्यंत ट्रामने गेलो. ओताकार वाटभर ड्रायव्हरला नावं ठेवत होता. "वळणावर असा ब्रेक मारतात?" आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो.

थडग्यापाशी व्लास्ता एकटीच गेली. फुलं ठेवली, बराच वेळ बोलली. परतली तेव्हा डोळे लाल होते. तिने ओताकारचा दंड धरला.

"सांगितलं. आता मुलीला फोन करते. ती ओरडणार. तुम्ही इथेच थांबा, कुठे जाऊ नका."

ओताकार थांबला.