झाकण बंद होतं

अन्याय झाला तो शिरोळच्या सारिकावर, गेल्या सोमवारी दुपारी, कोल्हापुरातल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. तिचा लॅपटॉप तिथल्या माणसानं न उघडताच परत दिला. वर टोमणा, "लिनक्स टाकलंयसा न्हवं? मग भोगा की."

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकून दिलं होतं मी. जयसिंगपुरात आम्ही दर रविवारी विद्यार्थ्यांच्या जुन्या मशीनवर फुकट टाकून देतो. बुवाबाजीविरुद्ध चौकात पत्रकं वाटणारा माणूस मी, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही... नव्हता म्हणा.

तक्रार साधी होती. झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप आपोआप जागा व्हायचा, बॅटरी संपायची. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच, दुसरं मशीन नाही. रविवारी मी नेटवर्कवरून त्याचा लॉग, म्हणजे मशीन स्वतःच लिहितं ती नोंदवही, माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर घेतला. पुन्हा पुन्हा एकच नोंद – झाकण उघडलं. समोर झाकण बंद!

फर्मवेअर, म्हणजे कंपनीनं मशीनच्या चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम, खोटं बोलतंय, मी म्हणालो. असल्या वेळी आम्ही सगळेच करतो ते केलं – पॉवरबद्दल फर्मवेअरला काही विचारायचंच नाही, अशी सूचना देऊन मशीन पुन्हा चालू केलं. आता झाकणाची नोंद येणं शक्यच नव्हतं.

आली.

सारिका हळूच म्हणाली, "दादा, घरी मी झाकणावर पुस्तकं ठिऊन जाते. आल्यावर पुस्तकं खाली पडल्याली असत्यात."

मी हसलो. चार्जर काढला, बॅटरीही काढून तिच्या हातात दिली, बंद झाकणावर पत्रकांचा जड गठ्ठा ठेवला. मशीन मेलं. लॉग थांबला. "बघ," म्हणून आम्ही दोघं माझ्या स्क्रीनकडे वळलो...

तिथं आणखी एक ओळ आली. झाकण उघडलं.

आणि पाठीमागं धप्प आवाज झाला. गठ्ठा फरशीवर. झाकण बंदच होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, पंखाही बंद.

मांजर, उतार, अडकलेली जुनी नोंद... सगळं तपासून बाद केलं. प्रोजेक्ट अजून आतच आहे, कारण ती ते मशीन घरी न्यायला तयार नाही आणि मी एकटा ते उघडायला.

फर्मवेअर कळणारे या ग्रुपवर बरेच आहात. नुसते तर्क लढवू नका. दिवसाउजेडी जयसिंगपूरला या, आणि ते झाकण माझ्यादेखत तुमच्या हातानं उघडा.