टाका की बटण

मुलांनो, कंपनीत लेथवर चढवताना जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, निसटला आणि तुमच्या आजोबांचं उजवं मनगट पिरगळलं. तेव्हापासून हात वळवला की करंगळीच्या बाजूचं हाड खटकन वर यायचं. मशीनवर परत जाता आलं नाही, तर साहेब त्यांना गेटवर राखणीला बसवणार होते. ही एकच भीती आम्ही दोघं दिवसभर एकमेकांपासून लपवायचो.

पुण्याच्या सर्जननी इंग्रजीत दोन रीती सांगितल्या. मी हिशेबाच्या सवयीने कागदावर दोन रकाने आखून लिहून घेतल्या. हाताचीच एक जादा कंडरा, म्हणजे दोरीसारखा तो पांढरा बंध, काढून तिने हाडं बांधायची, इथवर सारखंच. फरक टोक अडकवण्यात. पहिल्या रीतीत कंडरा हाडातल्या भोकातून ओवून तिलाच परत शिवायची. दुसरीत टोकाला तार बांधून ती हाडातून आरपार काढायची आणि कातडीवर बटणाला गाठ मारायची. पकड घट्ट, पण बटणाखाली चिघळण्याचा धोका. काही आठवड्यांनी तार ओढून काढायची.

"तू ठरव, तुला इंग्रजी येतं," हे म्हणाले.

"इंग्रजी येतं, मनगट नाही येत."

"मग बटण नको. शर्टाची लावतानाच कंटाळा येतो."

टाके घातले. नवरात्राच्या आधी प्लास्टर निघालं. तीन महिने जोर द्यायचा नाही, असं सर्जननी बजावलं होतं. पण खंडेनवमीला जो तो आपापल्या मशीनची पूजा करून नारळ फोडतो. रजेवर असूनही हे गेले.

शेजारच्या लेथवरचा म्हणाला, "द्या राव इकडे, मी फोडतो."

"माझ्या मशीनला तुझ्या हातचा नारळ?"

पूजेला डावा हात चालत नाही. यांनी उजव्याने आपटला. घरी येईपर्यंत हाड पुन्हा वर आलेलं.

मी सर्जनना विचारलं, बटण टिकलं असतं का?

"बाई, एव्हाना तार काढलेलीच असती. नारळापुढे दोन्ही रीती हरल्या असत्या."

तरी तो कागद मी कितीदा वाचला! पुन्हा कापून घ्यायला हे तयार झाले नाहीत. मीही आग्रह केला नाही. बसने पुण्याला खेटे घालून मी दमले होते. सोमवारी ते गेटवर बसले. संध्याकाळी चपला काढताना म्हणाले, "खुर्ची बरी आहे," आणि पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं.